दाराची रुंदी किती?

प्रति,
मराठीत अद्भुत जगं रचणारे लेखक, टेबलावरचे खेळ चालवणारे गेममास्टर आणि वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेली काही वर्षं तुमच्यापैकी अनेकांची बाडं माझ्याकडे वाचायला येतात. कुणाची अर्धी कादंबरी, कुणाची खेळासाठी केलेली जगाची वही, कुणाची नुसतीच सनावळी. जगं निरनिराळी असतात. एकात तीन चंद्र, एकात समुद्राच्या जागी वाळू, एकात जादू फक्त विधवांना येते (हे मला फार आवडलं होतं). पण इतिहासाचं पान उघडलं की सगळीकडे तेच. हजार वर्षांपूर्वी आकाश फाटतं, फटीतून राक्षसांचे लोंढे येतात, राज्यं बुडतात, कुणी एक वीर प्राण देऊन दार मिटवतो. आणि आता, म्हणजे नेमकी तुमची गोष्ट सुरू होते त्या आठवड्यात, ते दार पुन्हा किलकिलं होतं.

मधली हजार वर्षं लोक काय करत होते, हे कुणी सांगत नाही.

मी उंटावरून शेळ्या हाकत नाहीये. माझं स्वतःचं जग याच दारात आपटून मोडलं. चार मित्रांसाठी मी एक खेळ चालवायचे, म्हणजे जग आणि गोष्ट मी सांगायची, त्यात त्यांनी आपापली पात्रं चालवायची. त्या जगात एका कड्याच्या पोटात दार होतं आणि ते दर बारा वर्षांनी उघडायचं. पहिल्या बैठकीत मी पाऊण तास इतिहास सांगितला. तीन परचक्रं, जळालेली शहरं, एका राणीची शपथ, सगळं. आवाज वगैरे काढून. सांगून झाल्यावर आमच्यातला एक जण, जो पोटापाण्यासाठी पूल बांधतो, त्याने विचारलं, "दार किती रुंद आहे?"

मी तोंडाला येईल ते सांगितलं. "असेल बारा फूट."

"आणि उघडं किती वेळ राहतं?"

"तीन दिवस."

त्याने कागदावर काहीतरी आकडेमोड केली. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "म्हणजे जागा ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, बारा वर्षांची सवड आहे. मग समोर भिंत का नाही घातली कुणी?"

दुसरा म्हणाला, "नाहीतर खड्डा तरी."

माझा सगळा थरार दहा मिनिटांत आटोपला. त्या रात्री मला त्याचा भयंकर राग आला होता. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्याने मला मी तीन महिन्यांत लिहिलेल्या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट दिली होती. भिंत का नाही घातली, या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच त्या जगाचा इतिहास. दारासमोरची जमीन दोन राज्यांच्या शिवेवर असेल आणि खर्च कुणी करायचा यावर चार पिढ्या भांडण चाललं असेल. भिंत घातलीही असेल, पण नवव्या वर्षी भीती ओसरल्यावर लोकांनी तिचे चिरे काढून गोठे बांधले असतील. हे काल्पनिक वाटत असेल तर ब्रिटनमधली हेड्रियनची भिंत आठवा. इ. स. १२२ मध्ये रोमनांनी ती घालायला घेतली, लांबी सुमारे ११७ किलोमीटर. रोमन गेल्यावर तिचे दगड आसपासच्या शेतघरांत, मठांत, चर्चमध्ये जाऊन बसले. किंवा तुमच्या जगात दर बारा वर्षांनी 'द्वारपट्टी' गोळा करणारा एखादा राजा असेल, आणि दार कायमचं बंद झालं तर त्याचा खजिना कसा चालणार? यातलं कुठलंही एक उत्तर घ्या. ते आकाश फाटण्यापेक्षा जास्त गोष्टी देतं.

म्हणून माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे की दाराची रुंदी सांगा. कथेत सांगायची गरज नाही, पण तुम्हाला स्वतःला ती माहीत हवी.

थोडं गणित करून दाखवते, कंटाळा आला तरी वाचा. बारा फुटांच्या दारातून माणसं चौघं-चौघं करून चालली, दोन ओळींत दोन मीटर अंतर ठेवलं आणि चाल ताशी ४ किलोमीटरची धरली, तर तासाला ८,००० जण बाहेर येतात. एक लाखाची फौज यायला साडेबारा तास. तेही कुणी अडखळलं नाही, कुणाच्या अंगावर बाण आला नाही तर. माणसाच्या तिप्पट उंचीचा राक्षस असेल तर एका वेळी एकच येणार, आणि पुढचा मरून दारात आडवा पडला की मागच्याला आधी त्याला ओढून काढावं लागणार. दारातून लोंढा येत नाही, रांग येते. गड बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. गोमुखी दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत का लपवायचे? शत्रूला तो दुरून दिसू नये, हत्तीला धडक मारायला धाव मिळू नये आणि आत येणाऱ्या रांगेवर दोन्ही बाजूंनी मारा करता यावा म्हणून. तुमच्या जगातल्या लोकांना राक्षसांचा हजार वर्षांचा अनुभव असेल तर दारासमोर असलं काहीतरी उभं असायलाच हवं. नसेल, तर का नाही ते सांगा.

मग पोट. लाखाच्या फौजेला माणशी एक किलो धान्य धरलं तरी रोज १०० टन लागतं. बैलगाडीत अर्धा ते एक टन मावतो असं धरू. म्हणजे रोज शे-दोनशे गाड्या, आणि त्याही त्याच बारा फुटांतून, समोरून जखमी परत येत असताना. फौज माणसांची नसून हत्तीएवढ्या जनावरांची असेल तर आणखी कठीण. एक मोठा हत्ती दिवसाला सुमारे १५० किलो चारा खातो. मांसाहारी असतील तर विचारूच नका. वाघाला साधारण आठवड्याला एक मोठं जनावर लागतं, वर्षाला पन्नासेक. हजार वाघांची टोळी एका जागी उतरली तर माणसं पळून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत ती उपाशी मरेल, नाहीतर चहूकडे पांगेल. म्हणून राक्षसांची धाड सरळ रेषेत राजधानीवर कधीच जाणार नाही. गुरं असतील तिकडे ती फाटे फोडत जाईल. कुठली गावं उठली आणि कुठली वाचली हे कुरणांच्या नकाशावरून ठरेल, भविष्यवाणीवरून नाही. एवढं कळलं की तुमच्या नकाशाला एकदम हाडं फुटतात.

हाडांवरून आठवलं. प्राण्याची उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो. गॅलिलिओने हे १६३८ साली छापून ठेवलंय. तरी मला दर महिन्याला किमान एक दोनशे फुटी राक्षस भेटतो, ज्याचे पाय माणसासारखे सडपातळ असतात. जादू आहे म्हणालात तर चालेल. पण मग दारापासून दूर गेल्यावर ती जादू विरळ होते का, हेही ठरवा. होत असेल तर तुमच्या राक्षसांना दारापासून किती कोसांवर मटकन बसावं लागतं, ही त्या जगातली सगळ्यात महत्त्वाची रेषा असेल. तिच्या अलीकडच्या जमिनीचा भाव आणि पलीकडच्या जमिनीचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

आता वारा. हे मला कुणीच लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून जरा रेंगाळते. तुमचं दार दोन ठिकाणं जोडतं. ती दोन ठिकाणं एकाच उंचीवर कशावरून? समुद्रसपाटीच्या मानाने साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा असतो. एक तोंड समुद्रकाठी आणि दुसरं तेवढ्या उंच डोंगरावर असेल, तर दाराच्या दर चौरस मीटरवर सुमारे ५ टनांचा रेटा येईल. इतकं टोकाचं नको असेल तर फक्त १०० मीटरचा फरक घ्या. तरी दारातून ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वारा सुटेल, आणि तो कायमचा. अशा दारातून कुणी दबकत येऊ शकत नाही. दार उघडल्याची बातमी पहारेकऱ्याच्या आधी गावातल्या प्रत्येकाच्या कानाच्या पडद्यांना कळेल. जवळच्या गावांत त्या वाऱ्याला नाव असेल. घरांची दारं विरुद्ध दिशेला असतील. झाडं एका अंगाला वाकलेली असतील. आणि दोन आक्रमणांच्या मधल्या काळात कुणीतरी शहाणा तिथे पवनचक्की लावून पीठ दळत असेल. राक्षस येणार म्हणून दरवेळी ती उतरवून ठेवायची आणि गेले की परत चढवायची, असं त्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. सात राज्यांच्या युद्धापेक्षा मला त्या गिरणीवाल्याची गोष्ट वाचायला आवडेल. कुणी लिहिणार असेल तर खुशाल घ्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कल्पनेवर बोजा टाकणं झालं. मला उलट वाटतं. पोर्टल, म्हणजे दोन जगं जोडणारं असं दार, ही चीज खरोखर कशी वागते ते पाहायचं असेल तर एक खरं पोर्टल आहे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि वेगवेगळे असलेले दोन समुद्र एकमेकांना जोडले गेले. माणसांच्या दृष्टीने तो जहाजांचा रस्ता होता. पण त्यातून तांबड्या समुद्रातले जीव भूमध्य समुद्रात शिरायला लागले. आजवर शेकडो जाती गेल्या आहेत. त्यांत विषारी फुगामासे आहेत, सिंहमासे आहेत, जाळी भरून टाकणारे जेलीफिशचे थवे आहेत, आणि समुद्रतळाची वनस्पती खरवडून तो उजाड करणारे शाकाहारी मासेही आहेत. या कालव्यातल्या तीन गोष्टी मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यात.

पहिली म्हणजे ही ये-जा जवळजवळ एकाच दिशेने झाली. भूमध्य समुद्रातले फार थोडे जीव उलट गेले. दार दोन्हीकडून उघडं असलं तरी दोन्ही बाजूंना ते सारखंच सोयीचं असतं असं नाही. दुसरी, आक्रमण लगेच झालं नाही. कालव्याच्या वाटेत खारी सरोवरं आहेत. त्यांच्या तळाशी मिठाचे थर होते आणि पाणी इतकं खारट होतं की बहुतेक जीवांना ते ओलांडता येत नसे. कित्येक दशकं ते मीठ विरघळत राहिलं. तिकडे नाईल नदीचं गोडं पाणी समुद्रात पडून आणखी एक अडसर उभा करत होतं. आस्वानचं मोठं धरण १९७० साली पूर्ण झालं आणि तो अडसरही ढिला पडला. धरण बांधणाऱ्यांच्या डोक्यात फुगामासा असण्याचं काही कारणच नव्हतं. आणि तिसरी गोष्ट, दार मोठं होत गेलं. सुरुवातीला सुमारे ८ मीटर खोल असलेला कालवा आज २४ मीटर खोल आहे, कारण जहाजं मोठी झाली. दार रुंद करणारे लोक राक्षस बोलावत नव्हते, व्यापार करत होते.

तुमच्या हजार वर्षांच्या इतिहासात हे बसवून पाहा. दार उघडल्यावर शंभर वर्षं काहीच होत नाही. लोक त्यातून व्यापार करतात, जकात नाके उभे राहतात, दाराच्या गावाला बरकत येते. आतल्या बाजूला कुठलासा क्षार, कुठलं तरी धुकं हळूहळू विरत असतं आणि ते मोजायचं कुणाला सुचत नाही. मग एका वर्षी पहिला राक्षस येतो. दोष कुणाचा? शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका अभियंत्याचा, ज्याचा पुतळा चौकात आहे. पुतळा ठेवायचा की पाडायचा यावरच एक कादंबरी होईल.

राक्षस म्हणजे शिंगं आणि सुळेच असले पाहिजेत असंही नाही. दक्षिण अमेरिकेतून निळसर फुलांसाठी कौतुकाने नेलेली जलपर्णी आज कितीतरी देशांतल्या नद्या-तळ्यांचा गळा आवळून बसली आहे. १५१९ साली स्पॅनिश सरदार कोर्तेस काहीशे माणसं घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. १५२० साली देवीची साथ आली. अझ्टेकांचा नवा राजा क्वित्लावाक त्यातच गेला. १५२१च्या ऑगस्टमध्ये त्यांची राजधानी तेनोच्तित्लान पडलं, आणि ते पाडणाऱ्यांत स्पॅनिशांपेक्षा कितीतरी जास्त तिथलेच लोक होते. तेनोच्तित्लानला खंडणी भरून जेरीस आलेले, किंवा त्लाश्कालासारखे तिच्याशी जुनं वैर असलेले शेजारी. तुमच्या राक्षसांना इकडचे दोस्त कुठले? कुणाला तरी सात राज्यांचा इतका वीट आलेला असेल की पलीकडचे बरे वाटतील. हा माणूस तुमच्या बाडांत नेहमी काळ्या झग्यातला, स्वतःशी हसणारा खलनायक असतो. मला वाटतं, तो शेतसारा न परवडलेला एखादा पाटील असावा.

एकचक्रेची गोष्ट आपल्याला लहानपणी सांगतात ती भीमाच्या जेवणापुरती. महाभारतातलं मूळ प्रकरण मोठेपणी वाचलं तेव्हा मी चकित झाले. बकासुर नगरीवर झडप घालत नाही, त्याच्याशी करार झालेला असतो. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घरटी पाळी लावलेली. आणि बदल्यात? पांडव ज्याच्या घरी उतरलेले असतात त्या ब्राह्मणाचं बोलणं नीट ऐका. या राक्षसाच्या बळामुळे आम्हाला परचक्राची भीती नाही, असं तो सांगतो. त्यांचा राजा दुबळा आहे, दुसरीकडे राहतो, रक्षण करत नाही. म्हणजे बकासुर हाच त्यांचा बंदोबस्त आहे आणि गाडा हा त्याचा कर. पुढे तो आणखी एक वाक्य बोलतो, त्यावर मी आजही अडते. माणूस विकत घेण्याएवढं धन माझ्यापाशी नाही, असं तो म्हणतो. पाळी आली की ऐपत असलेली घरं दुसऱ्याला पैसे देऊन पाठवत असणार, हे त्या एका ओळीतून दिसतं. केवढं मोठं जग त्या ओळीत उभं आहे! भीम बकाला मारतो, प्रेत नगराच्या वेशीवर टाकतो, निघून जातो. त्याआधी बकाचे भाऊबंद घाबरून बाहेर येतात, तर त्यांना ठणकावतो की माणसं मारायची नाहीत. ते कबूल होतात. म्हणजे राक्षस तिथेच राहिले, शेजारी होऊन. त्यानंतरच्या वर्षी एकचक्रेचं काय झालं असेल? बंदोबस्त गेला, दुबळा राजा तोच, आणि परचक्र आलं तर? मला तुमच्याकडून हे 'त्यानंतरचं वर्ष' हवंय.

शेजारी होण्यावरून उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू, व्हायकिंग, आठवले. ७९३ साली त्यांनी इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड घातली. त्या वेळी लिहिता येणारे लोक मठांतच असत, त्यामुळे पहिली नोंद झाली ती लुटल्या गेलेल्यांच्या हातून. साहजिकच ते लुटारू सैतानाचे दूत ठरले. ९९१ साली इंग्लंडच्या राजाने त्यांना परत जाण्यासाठी १०,००० पौंड चांदी दिली. ते गेले आणि अर्थातच पुन्हा आले, पुढच्या खेपांना भाव चढत गेला. इकडे फ्रान्सच्या राजाने ९११ साली त्यांच्या एका सरदाराला नदीच्या मुखाशी जमीनच देऊन टाकली, की बाबा, तूच आता तुझ्या भावकीला अडव. त्याच्या वंशजांची भाषा काही पिढ्यांत फ्रेंच झाली आणि १०६६ साली त्यांनीच इंग्लंड जिंकलं. खिडकीसाठीचा 'विंडो' हा इंग्रजी शब्द या धाडवाल्यांच्या भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. माझ्या वाऱ्याच्या दाराला याहून चांगलं नाव मला सुचलेलं नाही.

शब्दांचं हे आपल्यालाही नवीन नाही. दरवाजा, खंदक, बुरूज, जकात, दप्तर, हे सगळे बाहेरून आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही रुजले. पण आपण आजही दरवाजाच लावतो. तुमच्या जगात राक्षस तीनदा येऊन गेले असतील तर त्यांचे शब्द लोकांच्या तोंडात राहायलाच हवेत. शिव्या तर नक्कीच. कदाचित एखाद्या हत्याराचं नाव, पोराला झोपवतानाचा एखादा बोल. आणि कुणीतरी पंडित ते शब्द हाकलायला कोश रचत बसलेला असेल. पण बाडांमध्ये दिसतं काय, तर राक्षसांना भाषाच नसते. ते गुरगुरतात. आणि त्यांच्याकडे माणसाला घडवता येणार नाही असं धातूकाम मात्र असतं! गुरगुरत कुणी शिकवलं असेल ते?

या निमित्ताने मयाची आठवण द्यायला हवी. खांडववन जळताना जीव वाचवून पळणारा असुर. अर्जुनाने त्याला अभय दिलं. त्याने काय केलं, तर चौदा महिन्यांत युधिष्ठिराची सभा बांधून दिली. तिथल्या पाण्याला जमीन समजून दुर्योधन फसला आणि पुढचं सगळं महाभारत त्या घसरण्याला येऊन चिकटलं. पलीकडून आलेला एक निर्वासित कारागीर इतिहासाला वळण लावून जातो, तलवार न उपसता. तुमच्या बाडांत असा एकही मय नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि पलीकडे काय चाललंय? राक्षस आले का आणि परत गेले का, याची कारणं तुम्ही नेहमी अलीकडे शोधता. १२४२ साली मंगोल फौजा हंगेरीतून अचानक माघारी वळल्या. युरोपातल्या कुणी त्यांना हरवलं नव्हतं. आधीच्या डिसेंबरात हजारो मैलांवर त्यांचा खान ओगदाई वारला होता. माघारीचं ते एक कारण मानतात. कुरणं, हवामान अशी दुसरीही कारणं सांगितली जातात. हंगेरीतल्या एखाद्या गावाला यातलं काय कळणार? त्यांनी नवस फेडले असतील, कुठल्या तरी संताला श्रेय दिलं असेल. तुमच्या जगातला तो प्राण देऊन दार मिटवणारा वीर असाच असू शकतो. त्याने दार मिटवलंच नसेल. पलीकडे गादीचं भांडण लागलं, म्हणून येणारे आले नाहीत. आणि अलीकडे हजार वर्षं त्याचा उत्सव चालू आहे.

दार मिटवणं याबद्दल दोनच गोष्टी सांगते. पहिली महाभारतातलीच. वृत्रासुर मेल्यावर कालकेय असुर समुद्रात दडले. दिवसा पाण्याखाली, रात्री बाहेर येऊन आश्रमांत कत्तल. दार म्हणजे अख्खा समुद्रच. अगस्त्य तो पिऊन टाकतात, देव उघड्या पडलेल्या असुरांना मारतात, उरलेले जमीन फोडून पाताळात जातात. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पुढे देव म्हणतात, आता समुद्र परत भरा. अगस्त्य सांगतात, तो तर जिरला. आणि समुद्र कोरडा राहतो, पार भगीरथ गंगा आणेपर्यंत. त्या मधल्या काळात किनाऱ्यावरचे कोळी काय करत होते, हे कुणीच लिहिलं नाही. दार बंद करायचं तर त्यासोबत आणखी काय बंद होतं, हे तुमच्या वीराला माहीत होतं का?

दुसरी, चीनच्या मोठ्या भिंतीतलं शानहायग्वान हे ठाणं. १६४४ साली भिंतीपलीकडच्या मांचूंनी ते फोडलं नाही. बीजिंग बंडखोरांच्या हाती गेलं होतं, राजा मेला होता. ठाण्यावरचा सेनापती वू सानग्वेई दोन शत्रूंच्या मधोमध सापडला, त्याने एकाला आत घेतलं. दार आतून उघडलं. नंतरची अडीचशेहून जास्त वर्षं चीनवर मांचूंचं राज्य होतं.

आता तक्रार संपवते. लवकरच तुमच्यातल्या काहींची नवी बाडं माझ्याकडे येतील. पहिल्या पानावर भविष्यवाणी नसली तर बरं. त्याऐवजी दाराशेजारच्या गावातला एखादा कागद टाका. जकातीची रोजकीर्द चालेल, नाहीतर कुणाच्या घराची पाळी कधी त्याची यादी. पानिपताच्या हानीची बातमी पहिल्यांदा आली ती सावकारी पत्राच्या भाषेत: मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. बखर पुढे कुणीतरी सावकाश लिहितं. त्या आठवड्यात मात्र लोक असंच लिहितात, हाताशी असलेल्या हिशेबाच्या शब्दांत.

माझा खेळ अजून चालू आहे. कड्यातलं दार आता नऊ फुटांचं आहे आणि त्यातून वारा वाहतो. आमच्या पूलवाल्या मित्राच्या पात्राने समोर भिंत घालायचा मक्ता घेतलाय. मागच्या बैठकीचे दोन तास दगड कुठल्या खाणीतून आणायचा आणि खाण कुणाच्या हद्दीत येते यावर गेले. राक्षस अजून आलेले नाहीत. दोन्ही राज्यांचे वकील मात्र आले आहेत.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक आणि अर्धवट गेममास्टर